विश्लेषण : सतराव्या वर्षी लहान मुलांच्या वर्गात... परीकथांचे बादशहा अँडरसन खरेच ‘ढ’ होते का?

वर्गात अकरा-बारा वर्षांची मुले आणि त्यांच्यामध्ये बसलेला सतरा वर्षांचा एक ताडमाड मुलगा. लॅटिनचे व्याकरण डोक्यात शिरत नाही, ग्रीक त्याहून अवघड, मातृभाषेत लिहितानाही शुद्धलेखनाच्या चुका. मुख्याध्यापक वर्गात आले की घसा कोरडा पडतो आणि येत असलेले उत्तरही चुकते. हा मुलगा म्हणजे हान्स ख्रिश्चन अँडरसन. पुढे ‘कुरूप बदकपिल्लू’, ‘राजाचे नवे कपडे’, ‘जलपरी’ या गोष्टी लिहून जगभरातल्या घराघरांत पोहोचलेला डॅनिश लेखक.

डिस्लेक्सिया असलेल्या थोर व्यक्तींच्या याद्या समाजमाध्यमांवर नेहमी फिरतात. त्यांत अँडरसन यांचे नाव हमखास असते. ते कितपत खरे? शाळेत मागे पडणाऱ्या मुलाला नेमके काय होत असते? आणि आज एखाद्या दहावी-अकरावीच्या विद्यार्थ्याला आपल्याला असे काही असावे अशी शंका आली, तर या आयुष्यातून त्याला काय कळू शकते?

बालपण आणि सुरुवातीचे शिक्षण कसे होते?

२ एप्रिल १८०५ रोजी डेन्मार्कमधील ओडेन्स या गावी हान्सचा जन्म झाला. वडील चांभारकाम करीत, आई लोकांचे कपडे धुऊन देई. घर एका खोलीचे. आईला लिहिणे-वाचणे जवळपास येत नव्हते. वडिलांना मात्र वाचनाची ओढ होती. रात्री ते मुलाला अरबी सुरस कथा आणि डॅनिश नाटके वाचून दाखवत. त्यांनी त्याला बाहुल्यांचे छोटे नाट्यगृहही करून दिले होते. त्या बाहुल्यांना कपडे शिवण्यात आणि त्यांच्या तोंडी संवाद घालण्यात हान्स तासन्‌तास रमे.

शाळेचे मात्र कधी नीट बस्तान बसले नाही. पहिली शाळा एका बाईंची होती. मुलाला मारायचे नाही, या अटीवर आईने त्याला तिथे घातले होते. एके दिवशी छडी बसली. हान्सने पुस्तक उचलले आणि तो थेट घरी आला. आईनेही त्याला परत पाठवले नाही. दुसऱ्या शाळेतले शिक्षक प्रेमळ होते. वर्गात सर्वांत लहान असलेल्या हान्सला मोठ्या मुलांचा धक्का लागू नये म्हणून मधल्या सुट्टीत ते त्याचा हात धरून फिरत. ती शाळा १८११ मध्ये बंद पडली. मग उरली गरिबांच्या मुलांसाठीची शाळा. तिथे धर्मशिक्षण, लेखन आणि गणित एवढेच विषय होते.

आपल्याला त्या काळात एकही शब्द धड शुद्ध लिहिता येत नसे, अशी कबुली अँडरसन यांनी आत्मचरित्रात दिली आहे. घरी ते कधी अभ्यासाला बसत नसत. शाळेत जाताना वाटेतच धडा पाठ होई. शेजारचा मुलगा दिवसभर घोकंपट्टी करतो आणि आपला मुलगा पुस्तक न उघडताही पाठ म्हणतो, याचे आईला मोठे कौतुक होते. हान्स स्वतःच्याच तंद्रीत असे. डोळे मिटून चालण्याच्या सवयीमुळे त्याची नजर अधू आहे, असे लोकांना वाटे.

मुले त्याला का चिडवत?

हान्स वर्गातल्या मुलांना मनाने रचलेल्या गोष्टी सांगे. त्या गोष्टींत तो स्वतःच नायक असे. मुले हसत आणि हाही आजोबांसारखा वेडा आहे, म्हणून चिडवत. त्याच्या वडिलांचे वडील खरोखरच मनोरुग्ण होते. लाकडात चित्रविचित्र आकृत्या कोरून ते गावभर फिरत आणि पोरे त्यांच्यामागे ओरडत धावत. ते दृश्य पाहून हान्स घाबरून लपून बसे. आपणही वेडे होऊ, ही भीती त्याच्या मनात तेव्हाच बसली. पुढे शाळेत याच भीतीवर घाव बसणार होता.

वडील नेपोलियनच्या काळातील युद्धासाठी सैन्यात भरती झाले, परतले ते तब्येत खालावूनच आणि १८१६ मध्ये गेले. तेव्हा हान्स अकरा वर्षांचा होता. आई कामाला जाई, मुलगा घरी एकटा. काही दिवस त्याला कापडाच्या गिरणीत, नंतर तंबाखूच्या कारखान्यात पाठवले गेले. ज्या वयात वाचन-लेखनाचा पाया पक्का व्हायचा, त्या वयात त्याचे शिक्षण असे तुटक-तुटक झाले. हा तपशील पुढच्या चर्चेत फार महत्त्वाचा आहे.

चौदाव्या वर्षी घर का सोडले?

हान्सला रंगमंचावर जायचे होते. सप्टेंबर १८१९ मध्ये, चौदा वर्षांचा असताना, साठवलेले थोडे पैसे घेऊन तो एकटाच राजधानी कोपनहेगनला गेला. आईने एका भविष्य सांगणाऱ्या बाईला विचारले होते. हा मुलगा मोठा होईल आणि त्याच्यासाठी एक दिवस ओडेन्समध्ये रोषणाई होईल, असे तिने सांगितल्यावरच आईने त्याला जाऊ दिले.

राजधानीत त्याने एकामागून एक दारे ठोठावली. राजेशाही नाट्यगृहातील गायनशिक्षक सिबोनी यांनी त्याला गाणे शिकवायला घेतले, पण वयात येताना आवाज फुटला. नृत्यशाळेत प्रवेश मिळाला, पण लांबलचक हातापायांनी तिथेही निभाव लागेना. एका कवीने त्याला डॅनिश भाषेचे धडे दिले आणि लॅटिनच्या शिकवणीची सोय केली. हान्सने लॅटिनकडे दुर्लक्ष केले, तेव्हा तेही नाराज झाले. १८२२ मध्ये नाट्यगृहाच्या शाळेतूनही त्याला काढण्यात आले.

मग त्याने नाटके लिहून पाठवली. पहिले नाटक परत आले. लेखकाला प्राथमिक शिक्षणाचाही गंध नाही, असा शेरा सोबत होता. दुसरे नाटकही रंगमंचावर येण्याजोगे नव्हते, मात्र त्यात कुठे कुठे चमक आहे, हे वाचणाऱ्यांच्या लक्षात आले. नाट्यगृहाच्या संचालकांपैकी एक असलेले योनास कोलिन हे सरकार-दरबारी वजन असलेले गृहस्थ. या मुलाला आधी शाळेत घालायला हवे, असे त्यांनी ठरवले आणि राजा सहावा फ्रेडरिक याच्याकडून सार्वजनिक निधीतून त्याच्या शिक्षणाचा खर्च मंजूर करून घेतला.

स्लागेल्सेच्या शाळेत काय घडले?

ऑक्टोबर १८२२ मध्ये हान्स कोपनहेगनपासून सुमारे ९० किलोमीटरवरील स्लागेल्से गावच्या लॅटिन शाळेत दाखल झाला. पूर्वतयारी काहीच नसल्याने त्याला खालून दुसऱ्या वर्गात बसवण्यात आले. लॅटिन, ग्रीक, भूमिती, इतिहास, भूगोल असे सगळे विषय एकदम अंगावर आले. बाकीची मुले वयाने पाच-सहा वर्षांनी लहान आणि अभ्यासात पुढे.

मुख्याध्यापक सिमॉन मायस्लिंग हे अभिजात भाषांचे जाणकार आणि अनुवादक होते. शिकवताना मात्र त्यांचे मुख्य हत्यार टिंगल हे होते. उत्तर चुकले की हान्सच्या उंचीवर, मंदपणावर, कवितेच्या नादावर भर वर्गात ताशेरे बसत. मायस्लिंग प्रश्न विचारायला लागले की भीतीने आपली उत्तरे चुकत, असे अँडरसन यांनी लिहून ठेवले आहे. इतर शिक्षकांच्या तासाला तो बराच बरा असे. धर्मशिक्षण, बायबलमधील इतिहास आणि डॅनिश निबंध यांत त्याला गती होती.

१८२५ मध्ये त्याने रोजनिशी लिहायला सुरुवात केली. तिच्यातली पाने परीक्षेच्या भीतीने भरलेली आहेत. लॅटिनचा पेपर बिघडला की सगळे संपले असे त्याला वाटे. देवाची प्रार्थना, स्वतःला दूषणे आणि राजाचे पैसे आपण वाया घालवत आहोत ही टोचणी पुन:पुन्हा येते. कोलिन यांनी आपल्यासाठी शब्द टाकला आहे, आपण नापास झालो तर त्यांना तोंड कसे दाखवायचे, हा घोर त्याला लागून राहिला होता.

याच काळात तो मायस्लिंग यांच्या घरीच राहायला गेला. शाळा सुटली तरी मुख्याध्यापकांची नजर सुटेना. १८२६ मध्ये मायस्लिंग यांची बदली हेलसिंगोरला झाली आणि हान्सही त्यांच्याबरोबर गेला. कविता करायला त्याला मनाई होती. तरीही तिथे त्याने एका मरणासन्न बालकाच्या तोंडी असलेली कविता लिहिली. मायस्लिंग यांनी ती भावुक आणि टाकाऊ ठरवली. पुढे त्याच कवितेने त्याला पहिले नाव मिळवून दिले.

मुख्याध्यापकांचे पत्र काय सांगते?

या साऱ्यात एक कागद चकित करणारा आहे. १८२६ मध्ये मायस्लिंग यांनी कोलिन यांना हान्सच्या प्रगतीबद्दल पत्र पाठवले. शाळेत आला तेव्हा या मुलाला अगदी मूलभूत गोष्टीही येत नव्हत्या, हे त्यात आहेच. पण पुढे मायस्लिंग यांनी त्याच्या कल्पनाशक्तीची तारीफ केली. जे विषय त्याला भावतात त्यांत तो अधिक यश मिळवतो, इतरांत कमी, असे निरीक्षण नोंदवले. खालच्या वर्गांतून तो रीतसर वर चढत चौथ्या वर्गात पोहोचला आहे, त्याची मेहनत आणि वर्तन आदर्श आहे, त्याला मदत चालू ठेवावी, अशी शिफारसही केली.

म्हणजे ज्या मुलाला रोज तोंडावर मूर्ख म्हटले जात होते, त्याचे कागदावर कौतुक होत होते. मायस्लिंग यांना कदाचित कठोरपणानेच मूल घडते असे वाटत असावे. त्या काळी ही समजूत सर्वत्र होती. पण हान्सपर्यंत पोहोचली ती फक्त टिंगल. चार वर्षांत शून्यातून चौथ्या वर्गापर्यंत आलेला हा विद्यार्थी स्वतःला शेवटपर्यंत ‘ढ’ समजत राहिला.

त्यातून सुटका कशी झाली?

हान्स कोलिन यांना पत्रांतून आपली अवस्था कळवत होता. कोलिन यांचे उत्तर असे ते धीर धरण्याचे, नेटाने अभ्यास करण्याचे. मुलगा हळवा आहे, थोडे वाढवून सांगत असेल, असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते. अखेर शाळेतल्याच एका तरुण शिक्षकाने कोपनहेगनला जाऊन कोलिन यांना खरी परिस्थिती सांगितली. एप्रिल १८२७ मध्ये कोलिन यांनी हान्सला तातडीने शाळेतून काढून घेतले.

निघताना मायस्लिंग यांनी दिलेला निरोप अँडरसन यांना जन्मभर आठवत राहिला. तू कधीही पदवीच्या परीक्षेपर्यंत पोहोचणार नाहीस, तुझ्या कविता पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात कुजतील आणि तुझा शेवट वेड्यांच्या इस्पितळात होईल, असा त्याचा आशय होता. आजोबांची सावली मनात बाळगून असलेल्या मुलासाठी याहून जिव्हारी लागणारे दुसरे काही नव्हते.

मग हाच विद्यार्थी उत्तीर्ण कसा झाला?

कोपनहेगनमध्ये हान्सला माळ्यावरची एक लहानशी खोली मिळाली आणि शिकवणीला ल्युडविग म्युलर हा जवळपास त्याच्याच वयाचा तरुण मिळाला. अभ्यासक्रम तोच, लॅटिन-ग्रीकही तेच. बदलल्या त्या दोन गोष्टी. एक, शिकवणी एकट्याची होती, त्यामुळे जिथे अडेल तिथे थांबता येत होते. दोन, शिक्षकाशी वाद घालण्याची मुभा होती आणि दोघे धर्मावर मनसोक्त वाद घालत.

म्युलरच्या घरी जायला शहराबाहेर बरेच चालावे लागे. जाताना डोक्यात धडे असत. परतताना ओझे उतरलेले असे आणि मोकळ्या मनात कल्पना गर्दी करत. लहानपणी शाळेच्या वाटेवर धडे पाठ करणाऱ्या मुलाला चालता चालता शिकणे पुन्हा गवसले. याच पायपिटीतून १८२९ मध्ये त्याचे पहिले गाजलेले पुस्तक आले. कोपनहेगनमधल्याच दोन ठिकाणांमधल्या पायी प्रवासाचे ते चमत्कारिक, विनोदी वर्णन होते.

ऑक्टोबर १८२८ मध्ये हान्स विद्यापीठाची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाला. शाळेतून काढून घेतल्यापासून दीड वर्ष झाले होते. पुढच्या वर्षीच्या परीक्षेत विद्युतचुंबकत्वाचा शोध लावणारे ख्यातनाम शास्त्रज्ञ ओरस्टेड परीक्षक होते. सगळी उत्तरे नीट दिल्यावर त्यांनी त्याला परत बोलावून विद्युतचुंबकत्वाबद्दल विचारले. त्याने तो शब्दही ऐकला नव्हता आणि आपल्याच पाठ्यपुस्तकात त्याचा उल्लेख नाही, हे त्याने ओरस्टेड यांनाच सांगून टाकले. मायस्लिंग यांच्यासमोर गप्प होणारा मुलगा आता परीक्षकाला निर्धास्तपणे उत्तर देत होता. हेच ओरस्टेड पुढे त्याचे स्नेही झाले. कादंबऱ्या तुला प्रसिद्धी देतील पण परीकथा अमर करतील, हे भाकीतही त्यांचेच.

डिस्लेक्सियाची चर्चा कुठून सुरू झाली?

अँडरसन यांच्या हस्तलिखितांत आणि दैनंदिन्यांत शुद्धलेखनाच्या चुका आहेत, परदेशी नावे तर बऱ्याचदा चुकीची. मित्र एडवर्ड कोलिन, म्हणजे योनास यांचा मुलगा, त्यांची हस्तलिखिते तपासून सुधारून देत असे. शाळेतले हाल आणि लेखनातल्या चुका यांची सांगड घालून, त्यांना डिस्लेक्सिया होता, असे विसाव्या शतकात म्हटले जाऊ लागले.

त्यांच्या हयातीत हा शब्दच नव्हता. अँडरसन ४ ऑगस्ट १८७५ रोजी वारले. त्यानंतर दोन वर्षांनी जर्मन डॉक्टर कुसमाउल यांनी ‘शब्दांधत्व’ ही कल्पना मांडली. डिस्लेक्सिया हा शब्द १८८७ मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी वापरला. १८९६ मध्ये ब्रिटिश डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी चौदा वर्षांच्या एका मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले. तो हुशार होता, गणित चांगले होते, पण वाचन जमत नव्हते. अशा मुलांमध्ये बुद्धीची कमतरता नसते, हे तेव्हापासून वैद्यकशास्त्र सांगत आले आहे.

संशोधकांचा निष्कर्ष काय?

तीन डॅनिश संशोधकांनी अँडरसन यांच्या हस्ताक्षरातील मजकुराचे शुद्धलेखन आणि वाक्यरचना तपासून २००० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. डिस्लेक्सियाच्या दाव्याला आधार नाही, असे त्यांचे म्हणणे.

हा निष्कर्ष अनेकांना निराश करतो, कारण थोर माणसालाही आपल्यासारखाच त्रास होता, यात दिलासा असतो. पण अध्ययन अक्षमतेची आजची व्याख्या पाहिली तर त्यामागचे कारण समजते. पुरेसे शिकवूनही आणि खास मदत देऊनही वाचन, लेखन किंवा गणितातली अडचण टिकून राहिली, तरच तिला अक्षमता म्हणतात. मुलाला नीट शिकवलेच गेले नसेल, भाषा परकी असेल, दृष्टी किंवा श्रवणाचा दोष असेल, तर आधी ती कारणे दूर करावी लागतात. हान्सला सतरा वर्षांपर्यंत सलग शाळा मिळालीच नव्हती. योग्य शिकवणी मिळताच तो दीड वर्षात उत्तीर्ण झाला.

लक्ष न लागणे, तंद्रीत राहणे, आवडीच्या विषयात पुढे आणि नावडत्यात मागे, चालताना पाठ होणे यांवरून त्यांना एडीएचडी म्हणजे अवधानाचा विकार होता, असेही कुणी म्हणेल. पण हयात नसलेल्या माणसाची तपासणी करता येत नाही. हयात असलेल्या विद्यार्थ्याची करता येते, हा मोठा फरक आहे.

त्यांच्या कथांत शाळा दिसते का?

परीकथांची पहिली पुस्तिका मे १८३५ मध्ये आली, तिच्यात चार कथा होत्या. अँडरसन यांनी त्या बोलीच्या ढंगात, मुलांना समोर बसवून सांगावे तशा लिहिल्या. पुस्तकी व्याकरणाच्या शिस्तीत न बसणारी ही भाषा काही समीक्षकांना खटकली. आज तीच त्यांची सर्वांत मोठी देणगी मानली जाते.

१८४३ मध्ये आलेल्या ‘कुरूप बदकपिल्लू’ या कथेत एक प्रसंग आहे. पिल्लू एका म्हातारीच्या झोपडीत आश्रय घेते. तिथली कोंबडी त्याला विचारते, अंडी घालता येतात का. मांजर विचारते, पाठ कमानीसारखी करता येते का. दोन्ही येत नाही म्हटल्यावर त्याने गप्प बसावे, असे ठरते. पोहण्याची ओढ सांगितली तर ती दोघांनाही मूर्खपणाची वाटते. लॅटिनच्या वर्गात बसलेल्या हान्सला हा संवाद चांगलाच ओळखीचा होता.

तरीही त्या वर्षांची जखम भरली नाही. राजे-महाराजांचे पाहुणे झालेल्या अँडरसन यांच्या उतारवयातील दैनंदिन्यांतही मायस्लिंग स्वप्नात येतात. आपण पुन्हा वर्गात उभे आहोत आणि उत्तर येत नाही, या भीतीने ते दचकून जागे होत. मायस्लिंग १८५६ मध्येच वारले होते.

आज शंका आली तर काय करावे?

आमिर खान यांच्या ‘तारे जमीं पर’ (२००७) या चित्रपटाने डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी नेला. तरीही तो आळशी आहे, ती लक्षच देत नाही, असे शेरे आजही प्रगतिपुस्तकावर दिसतात. लहानपणी पाठांतरावर निभावून गेलेली अडचण आठवी-नववीनंतर, अभ्यास वाढल्यावर उघडी पडते. त्यामुळे शंका अनेकदा पालकांआधी त्या मुलालाच येते.

मोबाइलवरील प्रश्नावली किंवा थोरांच्या याद्या यांवरून निदान होत नाही. अपुरी झोप, चिंता, नैराश्य, मराठीतून इंग्रजी माध्यमात झालेला बदल, वर्गातली दहशत या सगळ्यांची लक्षणे वरवर सारखीच दिसतात. म्हणून तपासणीची सुरुवात डोळे आणि कानांपासून होते. मग मानसशास्त्रज्ञ बुद्धिमापन चाचणी घेतात आणि विशेष शिक्षक वाचन, लेखन, गणिताच्या चाचण्या घेतात. अवधानाच्या विकारात लक्षणे बारा वर्षांच्या आधीपासून आणि शाळा, घर अशा एकापेक्षा अधिक ठिकाणी दिसावी लागतात. त्यासाठी जुन्या वह्या आणि प्रगतिपुस्तके उपयोगी पडतात, ती टाकून देऊ नयेत.

विद्यार्थ्याने काय सांगावे, हाही प्रश्न असतोच. अभ्यास जमत नाही, एवढ्याने मोठ्यांना काही कळत नाही. एकच परिच्छेद तीनदा वाचावा लागतो, तोंडी येते पण लिहिताना अक्षरे सुटतात, पेपर वेळेत कधीच पूर्ण होत नाही, अशा ठोस गोष्टी लिहून काढून विश्वासातल्या शिक्षकाला, आई-वडिलांना किंवा शाळेच्या समुपदेशकाला दाखवल्या तर बोलणे पुढे सरकते. पहिल्या व्यक्तीने मनावर घेतले नाही, तर दुसऱ्याला सांगावे. कोलिन यांच्यासारख्या भल्या माणसालाही हान्सचे म्हणणे पटायला वेळ लागला होता.

विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात आहे. महाराष्ट्रात तर १९९६ पासूनच अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास सुरुवात झाली. प्रमाणपत्र असल्यास जादा वेळ, गरजेनुसार लेखनिक अशा सवलती मिळतात. तपासणीत अक्षमता आढळली नाही, तरी ती वाया गेली असे नाही. अडचण कुठे आहे हे कळते आणि शिकवणी त्याप्रमाणे बदलता येते. हान्सच्या बाबतीत तेवढ्यानेच काम झाले होते.

रोषणाईचे काय झाले?

६ डिसेंबर १८६७ रोजी ओडेन्स नगरीने अँडरसन यांना सन्माननीय नागरिकत्व दिले. बासष्ट वर्षांचे अँडरसन नगरभवनाच्या खिडकीत उभे होते. खाली मशाली होत्या आणि घराघरांत दिवे लावलेले होते. भविष्य सांगणाऱ्या बाईचे बोल खरे ठरले होते. त्याच वेळी त्यांची दाढ भयंकर ठणकत होती, असे त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले आहे. त्या दिवशी गावातल्या सगळ्या शाळांना सुट्टी देण्यात आली होती.